चौदा नंबरची वस्तू

नॉर्बर्ट देराटवर या वर्षी चिडायचं नाही, असं मी दर एक जानेवारीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. २०२४ साली ते दहा तारखेपर्यंत टिकलं. दहाला बुधवार होता.

बुधवारी बेल्जियममधल्या आमच्या हाझलबेकेची माध्यमिक शाळा दुपारी बाराला सुटते. मुलं घरी जातात आणि मी शाळेत जाते. त्या शाळेच्या कार्यालयात मी एकोणतीस वर्षं काम केलं. निवृत्त होऊनही अकरा वर्षं झाली, तरी जाते, कारण नॉर्बर्ट एका बोटाने टाइप करतो. तेही डाव्या हाताच्या. उजवा हात म्हणे खडूसाठी आहे.

नॉर्बर्ट तिथे इतिहास शिकवतो. वय त्रेसष्ट. शेतकऱ्याचा मुलगा. गेंटला जाऊन शिकला आणि ज्या वर्षी परत आला त्याच वर्षी शाळेत लागला. लग्न केलं नाही. बहिणीच्या, झुल्माच्या, शेतावर मागच्या दोन खोल्यांत राहतो. पाऊस असो, बर्फ असो, सायकलने येतो. डब्यात चीज घातलेला पाव असतो आणि ज्या कागदात तो गुंडाळलेला असतो तो कागद घडी करून परत नेतो. सोमवारचा कागद शुक्रवारपर्यंत चालतो. एकदा मी त्याला नवा गठ्ठा आणून दिला, तर म्हणाला, "ओदेत, याला अजून काय झालंय?"

त्याच्या सात नंबरच्या वर्गात मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट आहे. त्यात एकशे तेरा वस्तू होत्या. पाण्याची पत्र्याची बाटली, घोड्याचा लगाम, बुटाची टाच, एक कंगवा, आणि लोखंड. आमच्याकडे नांगर घातला की बटाट्याआधी लोखंड वर येतं. पहिल्या महायुद्धाची आघाडी चार वर्षं आमच्या शेतांत बसून होती, तिने मागे ठेवलेलं ते. गोळा निघाला तर बांधावरच्या विजेच्या खांबाशी ठेवायचा, पोलिसांना फोन करायचा आणि कामाला लागायचं. दोन-चार दिवसांत सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. माझे आजोबाही तेच करत होते.

नॉर्बर्टची शिकवायची तऱ्हा अशी की आधी वस्तू मुलांच्या हातात द्यायची. पुस्तक नाही, नकाशा नाही. बाटली एका बाकावरून दुसऱ्या बाकावर फिरायची, आणि फळ्यावर वर्षभर दोनच वाक्यं असायची: 'कोण म्हणतं? त्याला कसं ठाऊक?' झाडूवालीला ती पुसायला बंदी होती. फ्रेंच राज्यक्रांती असो की पोलंडची फाळणी, कोणी पोराने काही सांगितलं की नॉर्बर्ट नुसता फळ्याकडे बोट दाखवायचा. आमच्या गावातले सुतार आणि नळवालेसुद्धा आजही वाद घालताना "कोण म्हणतं?" असं त्याच्याच सुरात विचारतात. तर तो वाईट शिक्षक होता असं कोणी म्हणू नये. चिडायची कारणं वेगळी होती.

दोन वर्षांपूर्वी आनेलोर सोमर्स बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. लूव्हनकडच्या. वय एकेचाळीस, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. त्यांनी आमची शाळा एका मोठ्या कामात घातली. सात देशांतल्या शाळांनी मिळून एक वेबसाइट करायची, युरोपचा इतिहास शिकवायला. प्रत्येक शाळेने आपल्याकडच्या वीस वस्तू त्यावर चढवायच्या. प्रत्येक वस्तूचे सर्व बाजूंनी फोटो, म्हणजे पोर्तुगालमधल्या मुलाला ती पडद्यावर गोल फिरवून बघता येईल. खाली सगळी माहिती.

"आणि ते झालं," बाई नॉर्बर्टला म्हणाल्या, "की कपाटाची गरज राहणार नाही. त्या भिंतीला मोठा पडदा लावू."

"भिंतीला कपाट आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

"तेच म्हणतोय मीपण."

तीन आठवडे हे चाललं. नॉर्बर्टची नोकरी आणखी दोन वर्षं. ती दोन वर्षं कपाट जागेवर राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं. शेवटी बाईंनी सौदा केला. ईस्टरच्या सुट्टीपर्यंत वीसच्या वीस वस्तू नीट, एकही रकाना रिकामा न ठेवता वेबसाइटवर गेल्या, तर तुम्ही असेपर्यंत कपाट राहील. नाहीतर तळघरात. नॉर्बर्टने हात मिळवला आणि थेट माझ्याकडे आला.

"ओदेत, तुझ्याकडे ती केकची फिरती थाळी आहे ना?"

त्या थाळीवर माझ्या नातवंडांचे वाढदिवस झालेत. पुढचे सहा बुधवार तिच्यावर घोड्याच्या नाला आणि गंजकी कुलपं फिरली. दर दहा अंशांवर एक फोटो, एका वस्तूचे छत्तीस. थाळीच्या कडेला मी पेन्सिलने खुणा करून दिल्या होत्या. नॉर्बर्ट अंश मोजता मोजता गोष्ट सांगू लागायचा, मग "कितीवर होतो आपण?" आणि पुन्हा शून्यापासून.

फोटो परवडले. रकान्यांनी जीव घेतला. वस्तूचं नाव, कुठे सापडली, कधी, कोणाला, कशाची, लांबी, रुंदी, वजन. वजन ग्रॅममध्ये. नुसते आकडे. नॉर्बर्टने "अंदाजे" असं लिहायला सांगितलं की रकाना लाल व्हायचा आणि पान पुढे जायचंच नाही.

"कंगव्याचं वजन कोणाला हवंय?" तो खुर्चीवरून ओरडला.

"रकान्याला."

"रकान्याला सांग, कंगव्याला दात किती ते विचार. त्यात काहीतरी इतिहास आहे."

"नॉर्बर्ट, तू ते त्याला सांग. मी नुसती टाइप करते."

असं करून आम्ही तेरा वस्तू चढवल्या. चौदावी आली एकवीस फेब्रुवारीला.

चौदावी वस्तू कपाटातली नव्हतीच. ती दाराशी होती. सात नंबरच्या वर्गाचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून त्याला एक तोफगोळा टेकवलेला असायचा. हातभर नाही, त्याहून थोडा आखूड, नाकावर पितळेची टोपी. ३ नोव्हेंबर १९९२, मंगळवार, त्या दिवशी नॉर्बर्टने तो सायकलच्या टोपलीतून आणला, असं माझ्या वहीत आहे. पुढे लिहिलंय, 'टोपली वाकली.' तेव्हापासून एकतीस वर्षं पोरं त्याला पाय लावत, त्यावर दप्तर टेकवत आत-बाहेर करत होती. आणि प्रत्येक वर्गाला पहिल्या आठवड्यात त्याची गोष्ट ऐकायला मिळायची. नॉर्बर्टच्या वडिलांनी, ओमेर देराटनी, तो १९६८ साली नांगरताना काढला, अंगणात बसून स्वतःच्या हाताने उघडला, आतलं सगळं काढून टाकलं आणि पुन्हा बंद केला. नॉर्बर्ट तेव्हा सात वर्षांचा होता. सांगताना तो गोळ्यावर बोटाचं पेर वाजवायचा. "ऐका. पोकळ." पोरं कान लावून ऐकायची. मलाही पोकळच ऐकू यायचं.

थाळीवर गंज सांडू नये म्हणून मी तो आधी सिंकमध्ये घेऊन तारेच्या घासणीने घासला. चांगला घासला. मग छत्तीस फोटो. मग वजन. माझा स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंतच जातो, म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरातला बटाट्यांचा काटा उचलून आणला. सात हजार चाळीस ग्रॅम. माहितीच्या रकान्यात नॉर्बर्टने सांगितलं तसं मी टाइप केलं: 'शेतकरी ओमेर देराट यांनी १९६८ मध्ये रिकामा केला.' पान एकदाही लाल झालं नाही. नॉर्बर्ट खूष. गोळा परत दाराशी गेला.

वेबसाइटवर आलेली पत्रं नॉर्बर्ट उघडत नसे. त्याचा पासवर्ड माझ्याकडे. पाच मार्चला, मंगळवारी, सकाळी पावणेनऊला मी घरी कॉफी घेऊन बसले आणि पत्रं बघितली. एक स्लोव्हेनियाहून होतं, सोचा नदीकाठच्या शाळेतल्या तादेया उर्शिच बाईंचं. त्यांच्याकडेही डोंगरात त्याच युद्धाचं लोखंड निघतं. पत्र सभ्य होतं, छोटं होतं. लिहिलं होतं, तुमची चौदा नंबरची वस्तू मी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. आमच्याकडच्या संग्रहालयात याच जातीचा एक रिकामा गोळा आहे, त्याचं वजन तुमच्यापेक्षा बरंच कमी आहे. शिवाय तुमच्या गोळ्याचं बूड किंवा टोपी कधी उघडल्याची खूण मला कुठल्याच फोटोत दिसत नाही. माझी चूक असेल तर आनंदच आहे. पण कृपा करून त्याला हलवू नका, आणि कोणाला तरी आजच दाखवा.

मी कप खाली ठेवला. सात नंबरच्या वर्गात मंगळवारचा पहिला तास, बावीस मुलं, आणि दाराला टेकू.

नॉर्बर्टला मोबाइल आहे. तो कपाटात असतो. मी शाळेत फोन लावला. हल्ली शाळेचा फोन आधी गाणं वाजवतो. गाणं दोनदा वाजलं, मग सोमर्स बाईंनी स्वतः उचलला.

"हां, ओदेत बाई, थाळी धुऊन ठेवलीय, कधीही घेऊन जा."

"थाळी राहू दे. सात नंबरच्या दाराचा गोळा भरलेला आहे."

"म्हणजे कशाने?"

त्या लूव्हनकडच्या, तिकडे शेतात गोळे निघत नाहीत. मी म्हटलं, "दारूने. नाहीतर विषारी वायूने. मुलांना बाहेर काढा, आणि दार लावू नका."

मी सायकलने पोचले तेव्हा तीनशे मुलं फुटबॉलच्या मैदानावर होती आणि गात होती. गणिताची चाचणी बुडाली होती. नॉर्बर्ट मात्र शाळेच्या पायरीवर उभा होता आणि सोमर्स बाई त्याची बाही धरून ओढत होत्या.

"रिकामा आहे तो," नॉर्बर्ट म्हणत होता. "माझ्या वडिलांनी रिकामा केलाय."

"मेनेर देराट, चला." मेनेर म्हणजे आमच्याकडचं 'सर'.

"बाई, मी तिथे होतो."

"तुम्ही बघितलंत?"

"मी सात वर्षांचा होतो!"

"हे उत्तर झालं का?" मी विचारलं. एवढ्या जोरात मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते, पण मला घासणी आठवत होती आणि तो पायरीवर युक्तिवाद करत होता. तो मैदानाकडे चालू लागला.

सैन्याची गाडी वीस मिनिटांत आली, कारण ती नाहीतरी शेजारच्या गावात खांबाखालचं लोखंड गोळा करत होती. एक चाळिशीचा माणूस आणि एक तरुण बाई. दोघं आत गेले. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. मग तो माणूस एकटा आला, वही हातात.

"याला घासलं कोणी?"

"मी," मी म्हटलं.

"कशाने?"

"तारेच्या घासणीने."

त्याने ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "आणि भांड्यांचा साबण?"

"थोडा."

तेही लिहिलं. मग त्याने नॉर्बर्टकडे बघितलं. "रिकामा आहे असं तुम्ही म्हणता."

"वडील म्हणायचे."

"कुठल्या बाजूने उघडला होता त्यांनी?"

नॉर्बर्टने हवेत गोळा धरल्यासारखे हात केले, मग उलटे फिरवले.

"आतलं काय केलं? पुरलं? पाण्यात टाकलं?"

"ठाऊक नाही."

"मग रिकामा केला हे त्यांना..." तो माणूस थांबला. नॉर्बर्टच्या मागे उभ्या असलेल्या मुलांतून कोणीतरी हळूच वाक्य पुरं केलं. "...कसं ठाऊक?" कोणी हसलं नाही. मला वाटतं, त्या मुलालाही ते बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं.

गोळा भरलेला होता. कधीच उघडलेला नव्हता. आत दारू होती, वायू नव्हता, आणि एवढ्या वर्षांत तो का फुटला नाही यावर त्या माणसाने फक्त खांदे उडवले. मग त्यांनी कपाट उघडलं आणि ज्यात काही असेल, असू शकेल किंवा सांगता येत नाही, असं सगळं लोखंड उचललं. एक्केचाळीस वस्तू. गाडीत वाळूच्या पेट्या होत्या, त्यांत ठेवल्या. नॉर्बर्ट एक-एक मोजत होता. परत मिळणार का, हे त्याने विचारलं नाही.

दुपारभर शाळेचा फोन वाजत होता. सोमर्स बाई पांढऱ्याफटक. त्यांना वाटलं, आई-बाप आता वकील घेऊन येणार. मी फोनवर बसले, सवय होती. पहिला फोन बेकरीवाल्या बाईंचा. "ओदेत, सैन्यवाले आहेत का गेले? असले तर म्हणावं, आमच्या शेडमध्ये दोन आहेत, जाता जाता घेऊन जा." दुसरा एका आजोबांचा, त्यांच्याकडे तीन, एक फुलझाडाच्या कुंडीला टेकवलेला, "पण तो रिकामा आहे हं." "कोण म्हणतं?" मी विचारलं. ते म्हणाले, "थांब, बायकोला विचारतो." संध्याकाळपर्यंत असे सतरा फोन. तक्रार एकच आली. तीही गणिताची चाचणी पुन्हा घेणार म्हणून.

चारच्या सुमारास नॉर्बर्ट म्हणाला, "माझ्याबरोबर झुल्माकडे चल."

"तू राहतोस तिथेच. मला कशाला?"

"तू लिहून घेशील म्हणून."

म्हणून गेले. झुल्मा शेडमध्ये बटाटे निवडत होती. नॉर्बर्टपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, हाताने खरबरीत, तोंडानेही. खबर तिच्यापर्यंत आधीच आलेली.

"काय रे मास्तर, शाळा उडवणार होतास म्हणे?"

"झुल्मा, पप्पांनी तो गोळा उघडला तेव्हा तू कुठे होतीस?"

"कुठला उघडला?" तिने एक सडका बटाटा बादलीत टाकला. "पप्पांना सार्डिन मासळीचा डबा उघडायला जमायचं नाही. आई उघडून द्यायची."

"त्यांनी मला सांगितलं होतं."

"तुला नाही, आईला सांगितलं होतं. तू तिथे होतास एवढंच. तुझ्या खोलीच्या खिडकीचं झाप वाऱ्याने आपटायचं आणि तू रडायचास. टेकू द्यायला काही जड हवं होतं. पप्पा बांधावरून तो घेऊन आले. आई ओरडली, पोरं झोपतात तिथे, वेड लागलंय का? तर म्हणाले, रिकामा केलाय मी, माझ्या हाताने. आई गप्प झाली. तुझं झाप आपटायचं थांबलं. झालं."

नॉर्बर्ट बटाट्यांच्या ढिगाकडे बघत उभा होता. "म्हणजे चोवीस वर्षं तो माझ्या उशाशी होता."

"पायाशी. खिडकी पायाकडे होती."

"तुला ठाऊक होतं."

"सगळ्यांना ठाऊक होतं. अख्खी गल्ली असंच म्हणायची. रिकामा केलाय म्हटलं की बायका बोलायच्या बंद होतात."

"आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस? मी तो शाळेत नेला, पोरांच्या पायाशी ठेवला..."

"तू विचारलंस का कधी?" झुल्मा म्हणाली. ती चिडली होती, पण तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला ती बादली उचलून बाहेर गेली.

परत येताना नॉर्बर्ट सायकल हातात धरून चालत होता. मी म्हटलं, बस आता, तुझे वडील मूर्ख नव्हते, पोर रडत होतं. तो म्हणाला, "ते मला कळतंय. मी मूर्ख होतो. मला विचारायचेच पैसे मिळत होते." माणूस चिडू देत नाही आणि दया करू देत नाही.

शुक्रवारी, आठ तारखेला, सोमर्स बाईंनी बोलावलं. मीही गेले, कारण कागदपत्रं माझ्याकडे. बाईंनी आवाज खाली ठेवला होता. म्हणाल्या, वेबसाइट चालवणाऱ्यांशी बोलणं झालंय. चौदा नंबरची वस्तू काढून टाकायची. शाळेची शोभा नको. आणि आता कपाट ठेवणं कठीण आहे, मेनेर देराट, तुम्हाला समजत असेल. सौदा वीस वस्तूंचा होता, त्या पुऱ्या होणार नाहीत.

मला वाटलं, आता दोन तास वाद. पण नॉर्बर्ट म्हणाला, "कपाट न्या. चौदा नंबर राहू द्या."

बाईंना कळेना. मलाही कळेना. ज्या वेबसाइटला या माणसाने सहा बुधवार शिव्या घातल्या, त्या वेबसाइटचं एक पान राहावं म्हणून तो कपाट देत होता!

"वस्तूच नाही आता," बाई म्हणाल्या. "पान कशाला?"

"फोटो आहेत. वजन आहे. माहितीचा रकाना खोटा आहे, तो मी बदलतो. काढून टाकलंत तर मी खोटं लिहिलं होतं हेही जाईल."

"आई-वडील वाचतील, मेनेर."

"वाचू देत. त्यांच्यातल्या सतरा घरांत अजून गोळे आहेत. ओदेतला विचारा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "एकोणीस. काल दोन फोन आले."

बाई म्हणाल्या, आधी काय लिहिता ते दाखवा. मग बघू. दोन्ही गोष्टींचं मग बघू.

तेरा मार्चच्या बुधवारी त्याने ते वर्गात लिहायला घेतलं. सकाळचा शेवटचा तास, मी मागच्या बाकावर टाइप करायला. समोर तात्पुरता पडदा लावलेला, त्यावर चौदा नंबर हळूहळू गोल फिरत होता, माझ्या केकच्या थाळीसकट. मी घासलेला भाग चकाकत होता.

नॉर्बर्टने सगळं सांगितलं. वडील, सार्डिनचा डबा, खिडकीचं झाप. मग म्हणाला, "आता मला विचारा."

मुलं आधी लाजली. मग योलिन नावाच्या मुलीने, जिला मी तोपर्यंत शांत समजत होते, हात वर केला. "मेनेर, तुम्ही आम्हाला दर तासाला विचारायला लावता. मग तुम्ही एवढी वर्षं का नाही विचारलं?"

"वडील होते."

"म्हणून काय झालं? माझे बाबा रोज काहीतरी थापा मारतात."

वर्ग हसला. नॉर्बर्टही हसला, मग थांबला. "ते सांगायचे तेव्हा मला बरं वाटायचं," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी गोळा उघडला. दुसऱ्या कोणाच्या वडिलांनी नाही. मी ते तुम्हाला सांगायचो तेव्हाही बरं वाटायचं. विचारलं असतं तर ते गेलं असतं."

"हे लिहायचं?" मी मागून विचारलं.

"लिही."

"रकान्यात चारशे अक्षरं बसतात, नॉर्बर्ट."

"मग झाप काढ. नाही, झाप राहू दे. माझं काढ."

मुलं पुढे आली, माझ्या खांद्यावरून वाकून अक्षरं मोजू लागली. कोणी म्हणे सार्डिन पाहिजेच, कोणी म्हणे आईचं ओरडणं पाहिजे. पाऊण तास भांडण. शेवटी जे चारशे अक्षरांत बसलं ते असं: 'रिकामा केल्याचं शेतकरी ओमेर देराट यांनी पत्नीला १९६८ मध्ये सांगितलं. कोणी पाहिलं नाही. मुलाच्या खिडकीला टेकू हवा होता. मुलाने १९९२ पासून हेच वर्गात शिकवलं आणि कधी विचारलं नाही. २०२४ मध्ये वजन केल्यावर दुसऱ्या देशातल्या शिक्षिकेने विचारलं. भरलेला निघाला. मुलगा: नॉर्बर्ट देराट, इतिहास शिक्षक.' नाव घालू नका असं मुलं म्हणत होती. त्याने घालायला लावलं.

सोमर्स बाईंनी ते मोबाइलवर उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "कपाटात आता किती वस्तू उरल्यात?"

"बहात्तर," नॉर्बर्ट म्हणाला.

"त्यांच्याबद्दल तुम्ही जे सांगता, ते कोण म्हणतं?"

नॉर्बर्ट बोटांवर मोजू लागला.

"तर मग असं," बाई म्हणाल्या. "बहात्तरच्या बहात्तर चढवायच्या, आधी चढलेल्याही नव्याने. प्रत्येकीखाली, हे कोण म्हणतं आणि त्याला कसं ठाऊक. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असं लिहायचं. ईस्टर विसरा. तुम्ही जाईपर्यंत करा. तोपर्यंत कपाट हलत नाही. दाराला मात्र लाकडाची पाचर."

नॉर्बर्टने लगेच हात पुढे केला. मला कोणी विचारलं नाही. बहात्तर गुणिले छत्तीस फोटो, आणि टाइप करणार कोण, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "ओदेत बाई, तुमच्याशिवाय कोण आहे?" ही काय विनंती झाली?

पुढच्याच बुधवारी घोड्याचा लगाम घेतला. नॉर्बर्ट तो पंचवीस वर्षं 'इंग्रज अधिकाऱ्याच्या घोड्याचा' म्हणून दाखवत आला.

"कोण म्हणतं?" मी विचारलं.

त्याने डोकं खाजवलं. मग कपाटातून मोबाइल काढला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने बहिणीचा नंबर शोधू लागला. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने झुल्मा ओरडली, "इंग्रजाचा? तो आपल्या बेलाचा! बटाट्याची गाडी ओढणारी बेला, विसरलास?"

नॉर्बर्टने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही. बेला, गाडीची घोडी. सांगणार झुल्मा देराट. तिला ठाऊक, कारण तीच तो चढवायची."

वजन एक हजार एकशे दहा ग्रॅम. आज सप्टेंबर संपत आला. अकरा वस्तू झाल्यात. त्यांपैकी चारांखाली 'ठाऊक नाही' असं आहे, आणि दर खेपेला ते दोन शब्द टाइप करायच्या आधी तो मला अर्धा तास थांबवून ठेवतो.